मृतांची मोजदाद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात, अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरातील कामगार-पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, दोन शेर म्हणावेत आणि बक्षिसे वाटून खाली बसावे, असा आपला रिवाज आहे. मी पाहुणा नाही. याच संस्थेत मी बत्तीस वर्षे गणित शिकवले. म्हणून चिटणीस साहेबांनी जेव्हा बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी त्यांना म्हटले की मी बोलेन, परंतु गणितावरच बोलेन. ते हसून हो म्हणाले. विषय मृत्यूच्या आकड्यांचा आहे हे मात्र मी त्यांना आधी सांगितले नव्हते, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी.

१८ मे २०२५ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. रविवारची पहाट होती. आपल्या या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यांत मालकाच्या घरची माणसे होती, कामगाराच्या घरची माणसे होती आणि एक लहान मूल होते. त्या दिवशी सबंध सोलापूर रडले. मी तुम्हांला एवढेच विचारतो की, आठ या आकड्याबद्दल त्या दिवशी किंवा त्यानंतर कोणी वाद घातला काय? कोणी म्हणाले काय की सात होते, किंवा ऐंशी होते? नाही. कारण माणसे मोजलेली होती. प्रत्येकाला नाव होते, घर होते, आणि मृत्यूचे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

आता त्याच्या चार-पाच वर्षे मागे चला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या देशात कोरोनाने किती माणसे गेली? २०२१ च्या अखेरपर्यंतचा सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८१ हजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यात याच दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू अधिक झाले असे म्हटले आहे. एक आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दहापट! आगीत आठाचे ऐंशी कोणी केले नसते. मग साथीत असे कसे झाले? यात कोणीतरी एक खोटे बोलत आहे, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. एक पक्ष म्हणतो, सरकारने प्रेते लपवली. दुसरा म्हणतो, परदेशी लोकांनी देशाची बदनामी केली. चहाच्या टपरीवर मी दोन्ही ऐकले आहे. परंतु या दोन आकड्यांत नेमके काय मोजले आहे, हे विचारणारा मला क्वचितच भेटला.

माझ्या माहितीतील एका घरची हकिकत सांगतो. नावे सांगत नाही. हा गृहस्थ येथेच यंत्रमागावर टॉवेल विणत असे. एप्रिल २०२१ मध्ये त्याला ताप आला, मग खोकला, मग दम. त्या दिवसांत खाट मिळवण्यासाठी माणसे कशी वणवण हिंडत होती ते तुम्ही जाणता. पाचव्या दिवशी पहाटे घरीच त्याचा इंतकाल झाला. तपासणी झालेली नव्हती. दफन झाले, कब्रस्तानच्या वहीत नाव आले आणि पुढे मृत्यूचा दाखलाही मिळाला. त्या दाखल्यावर नाव आहे, वय आहे, तारीख आहे. मृत्यू कशाने झाला हे मात्र त्यावर नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार कोरोनाने गेलेल्या माणसाच्या वारसाला ५० हजार रुपये साहाय्य देण्याचे ठरले. भाभींनी अर्ज केला. नियम असा होता की तपासणीत रोग सिद्ध झालेला असावा, किंवा रुग्णालयात दाखल असताना डॉक्टरांनी तसे निदान केलेले असावे. तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला, मग तो घरी झाला तरी चालेल. परंतु भाभींपाशी तपासणीचा कागदच नव्हता. अर्ज नामंजूर झाला. त्यांचा मुलगा तेव्हा आपल्या शाळेत आठवीत होता. तो मला म्हणाला, "सर, अब्बा मग कशाने गेले?" मी गणिताचा शिक्षक, माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नाने मला या आकड्यांच्या मागे लावले.

मित्रांनो, मृत्यू मोजणे म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देणे होय. पहिला प्रश्न, माणूस गेला याची नोंद झाली काय? दुसरा, तो कशाने गेला हे कोणी जाणत्याने लिहिले काय? आणि तिसरा, हा आकडा आपण कशाशी ताडून पाहतो? सगळा वाद या तिन्हींची गल्लत केल्यामुळे होतो.

पहिला प्रश्न घेऊ. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे, असे तो सांगतो. या बाबतीत देशाने पुष्कळ प्रगती केली असून आपले राज्य त्यात पुढे आहे. परंतु दुसऱ्या प्रश्नाची स्थिती फार निराळी आहे. देशात २०२० साली जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू शेकडा २३ सुद्धा नव्हते. म्हणजे चार मृतांपैकी तिघे कशाने गेले हे सरकारी दप्तराला ठाऊकच नाही. साथ येवो न येवो, ही आपली रोजची अवस्था आहे. ज्या घरात रोजचा हिशेब लिहिला जात नाही, त्या घरात लग्नाच्या खर्चाचा हिशेब कसा जुळणार?

रोजच्या बातमीपत्रात जो आकडा येई, तो तपासणीत रोग सिद्ध झालेल्या आणि रुग्णालयांनी वर कळवलेल्या मृत्यूंचा असे. तो कळवण्यातही खंड पडत. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने ताळमेळ घेऊन मागचे १,३२८ मृत्यू एकाच दिवशी जमा केले. त्यांतले ८६२ मुंबईचे होते. त्याच महिन्यात आपल्या सोलापुरातही आधी न कळवले गेलेले ४० मृत्यू शहराच्या यादीत एकदम घालावे लागले. बिहारने जून २०२१ मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा तेथील आकडा साडेपाच हजारांच्या आसपास होता तो एकदम नऊ हजारांवर गेला. या प्रत्येक वेळी लोकांनी ओरड केली की पाहा, लपवले होते! कोठे लपवलेही असेल. मी कोणाची वकिली करीत नाही. परंतु उशिरा का होईना, ज्याने वही तपासून चूक दुरुस्त केली त्याला आपण बोल लावतो आणि ज्याने वही उघडलीच नाही त्याला शाबासकी देतो. हे उलटे आहे. केरळने २०२१ च्या शेवटी मागचे हजारो मृत्यू शोधून यादीत घातले, म्हणून त्याचा आकडा फुगलेला दिसला. महाराष्ट्राचा अधिकृत आकडा सुमारे १ लाख ४८ हजार, म्हणजे सर्व राज्यांत मोठा. येथे साथ मोठी होती हे खरेच, परंतु येथे मोजलेही अधिक गेले, हेही तितकेच खरे.

आता कारणाची गोष्ट. "अहो, त्याला साखरेचा विकार होता, कोरोना निमित्तमात्र!" असे आपण ऐकले आहे. काही ठिकाणी कागदावरही तसेच लिहिले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की, ज्या रोगाने मृत्यूची साखळी सुरू झाली तो मूळ कारण म्हणून लिहावा, आणि मधुमेह, रक्तदाब हे सोबतचे विकार म्हणून वेगळे लिहावेत. ही गोष्ट साध्या व्यवहाराची आहे. म्हातारा माणूस रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडला, तर तो गुडघेदुखीने मेला असे आपण म्हणत नाही. गुडघा दुखत होता म्हणून त्याला पटकन बाजूला होता आले नाही, हे मान्य. पण ट्रक नसता तर तो संध्याकाळी घरी आला असता.

यावर विचारवंतांनी एक उपाय काढला आहे. कारणाच्या वादात न शिरता सगळे मृत्यू मोजावेत. साथीच्या वर्षी किती आणि त्याआधीच्या वर्षांत किती, हे पाहावे. जो फरक येईल त्याला जादा मृत्यू म्हणावे. हे समजण्यासाठी पुस्तक नको, कब्रस्तानची वही पुरे. मालेगाव हे आपल्यासारखेच यंत्रमागाचे गाव. एप्रिल २०२० मध्ये तेथील बड्या कब्रस्तानात नेहमीच्या मानाने कितीतरी अधिक दफने झाली. कोरोनाचे म्हणून नोंदलेले मृत्यू मात्र त्या मानाने थोडेच होते. वर्तमानपत्रवाल्यांनी गोरकनांना आणि वहीला विचारले, तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. मग ते सगळे कोरोनाचे होते काय? तसेही म्हणता येत नाही. त्या दिवसांत खाजगी दवाखाने बंद होते, हृदयविकाराच्या रुग्णाला दारातून परत पाठवले जात होते. तो माणूस विषाणूने गेला नाही, परंतु साथीने गेला. म्हणून जादा मृत्यू हा आकडा साथीच्या सबंध तडाख्याचा आहे, एका रोगाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेचे ४७ लाख हे असेच जादा मृत्यू आहेत. सरकारचा आक्षेप असा होता की हा आकडा गणिती ठोकताळ्यांतून काढला, त्यासाठी सगळ्या देशाची नव्हे, तर १७ राज्यांची माहिती वापरली आणि इतक्या मोठ्या देशाला एकच साचा लावला. आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. अंदाज हा अंदाजच असतो. पण अंदाज का करावा लागतो? प्रत्यक्ष मोजणी वेळेवर हाती येत नाही म्हणून. देशाची २०२१ सालची मृत्युनोंदणी प्रसिद्ध झाली ती मे २०२५ मध्ये! तीत काय दिसते ते पाहा. २०१९ साली देशात सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० साली सुमारे ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. त्याच वर्षी कोरोनाचे अधिकृत मृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास होते. या वाढीतला काही भाग नोंदणी सुधारल्यामुळे असेल, काही लोकसंख्या वाढल्यामुळे असेल. तरीसुद्धा २१ लाख आणि सव्वातीन लाख यांमधले अंतर एवढ्याने भरून निघत नाही. म्हणून मी असे समजतो की अधिकृत आकडा खरा आहे, पण तो फक्त सिद्ध झालेल्या मृत्यूंचा आहे. साथीने नेलेली माणसे त्याहून कितीतरी अधिक होती. आपल्या टॉवेलवाल्या भावाचे नाव पहिल्या आकड्यात नाही. दुसऱ्यात मात्र तो आहे.

साहाय्याच्या अर्जांनीही हेच दाखवले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे माहिती आली, तेव्हा गुजरातचा अधिकृत आकडा सुमारे १० हजार होता आणि मंजूर अर्ज ६८ हजारांवर होते. महाराष्ट्रात मृत्यू १ लाख ४१ हजार आणि अर्ज दोन लाखांच्या वर होते. काही अर्ज खोटे निघाले, काही दुबार होते. न्यायालयानेच पुढे मार्च २०२२ मध्ये पडताळणीस परवानगी दिली. खोटा अर्ज करणाऱ्याने खऱ्या विधवेचा घास अडवला, हेही येथे स्पष्ट बोलले पाहिजे.

हा झगडा नवा नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे घरे तपासण्याची आणि रोग्याला छावणीत नेण्याची सक्ती सुरू झाली, तसे लोक रोगी लपवू लागले. भीतीने वही खोटी होते, हा धडा तेव्हाचा आहे. १९१८ साली मानमोडीची साथ आली. आपल्या आजोबा-पणजोबांनी तिच्या गोष्टी सांगितल्या असतील. त्या वेळी खेड्यातल्या वहीत मृत्यूचे कारण म्हणून बहुधा एकच शब्द पडे, ताप. सुरुवातीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ ची जनगणना झाली, तेव्हा दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे दिसले आणि मग अभ्यासकांनी हिशेब पुन्हा मांडले. आता तो आकडा सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे सांगतात. वहीत जे लिहिले नाही ते शिरगणतीने सांगितले. मेलेली माणसे वहीतून गळाली तरी जिवंतांच्या संख्येत त्यांची जागा रिकामी दिसते.

राहिला तिसरा प्रश्न, तुलनेचा. १२ एप्रिल २०२० रोजी सोलापुरात पहिला कोरोना रुग्ण निष्पन्न झाला, तोही मृत्यूनंतर. म्हणजे त्या दिवशी आपल्या शहरात रुग्ण एक, मृत्यू एक, मृत्युदर शंभर टक्के! यावरून सोलापूर जगातले सर्वांत भयंकर शहर होते असे कोणी म्हणेल काय? पुढे कितीतरी दिवस आपल्या शहराच्या मृत्युदराची चर्चा चालू होती. समजा, एका शहरात वीस माणसे गेली आणि तपासणीत दोनशे रुग्ण सापडले, तर दर दहा टक्के. तेवढीच माणसे गेली आणि तपासणी वाढवून दोन हजार रुग्ण सापडले, तर दर एक टक्का. प्रेते तेवढीच, कबरी तेवढ्याच. बदलला तो फक्त भाजक. मुलांनो, अपूर्णांक शिकवताना मी सांगत असे की आधी खाली पाहा, ते एवढ्यासाठीच.

वयाचेही तसेच आहे. समजा, दोन गावे, प्रत्येकी दहा हजार वस्तीची. रोग दोन्हीकडे सारखाच. वृद्धांत शंभरात दोन मरतात, इतरांत हजारात एक. पहिल्या गावात वृद्ध दोन हजार आहेत, तेथे ४८ माणसे जातील. दुसऱ्यात वृद्ध एक हजार आहेत, तेथे २९ जातील. दुसऱ्या गावाच्या सरपंचाने आपला सत्कार करून घ्यावा काय? इटलीत निम्मी माणसे सत्तेचाळीस वर्षांच्या आसपास किंवा त्याहून मोठी, आपल्याकडे निम्मी अठ्ठावीसच्या आतबाहेर. इटलीशी आपली तुलना करून छाती फुगवणे हे त्या सरपंचासारखेच झाले.

आणखी एक तुलना अशी आहे की जिची झळ आपण सर्वांनी सोसली. एप्रिल २०२० मध्ये रोजच्या सरकारी माहितीत एका धार्मिक मेळाव्याशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जात असे. ज्यांना शोधून-शोधून तपासले त्यांच्यात रुग्ण अधिक सापडले, यात नवल काय? बाकीच्यांना तितके तपासले नव्हते. परंतु भाजक कोणी विचारला नाही, आणि भाजीच्या गाडीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकलून दिले गेले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यात आल्याचे मत नोंदवले. मी हे कटुता वाढवण्यासाठी सांगत नाही. अर्धवट आकडा शिवीपेक्षा वाईट असतो, कारण त्यावर शहाणी माणसेही विश्वास ठेवतात. म्हणून आपणही कोणाविरुद्ध तसा आकडा कधी वापरू नये.

आता मी आपल्याकडे तीन मागण्या करतो आणि खाली बसतो. पहिली मागणी पालकांकडे. घरात मयत झाली तर २१ दिवसांत नोंद करा, आणि डॉक्टरने पाहिले असेल तर कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्या. दुखवट्यात कागदाचे भान राहत नाही हे मला कळते. म्हणून शेजाऱ्याने हे काम अंगावर घ्यावे. खांदा देण्याइतकेच ते पुण्याचे आहे. दुसरी मागणी कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींकडे. तुमची वही नीट ठेवा. नाव, वय, पत्ता, तारीख, आजार किती दिवसांचा होता, एवढे पाच रकाने पुरे आहेत. तीच वही उद्या एखाद्या विधवेचा आधार होईल. तिसरी मागणी या संस्थेकडे. आपल्या मुला-मुलींतून डॉक्टर, इंजिनिअर व्हावेत अशी आपली इच्छा असते. त्यांतून दोन-चार संख्याशास्त्राकडे जाऊ द्या, दोन-चार नोंदणीच्या कचेरीत जाऊ द्या. तेथे लेखणी धरणारा माणूस प्रामाणिक आणि जाणता असेल, तर कोणाच्याही मृत्यूवर वाद होणार नाही.

त्या मुलाला मी नंतर उत्तर दिले. मी म्हणालो, "बेटा, तुझे अब्बा साथीत गेले. सरकारच्या एका यादीत त्यांचे नाव नाही, पण त्या वर्षी देशात जे २१ लाख मृत्यू अधिक नोंदले गेले, त्यांत ते आहेत. त्यांची नोंद तुझ्या आईने केली म्हणून आहेत." तो काही बोलला नाही. वहीत त्याने तो आकडा लिहून घेतला. यंदा तो बारावीला आहे, आणि पुढे संख्याशास्त्र घेणार असे म्हणतो.